दिवसाला अर्धाच किलो

माझ्यावर उभं राहिलं की माणसं वर छताकडे बघतात. का, ते मला अजून कळलेलं नाही. वर बघितलं की आपण हलके होतो अशी त्यांची समजूत असावी. काही जण श्वास सोडून देतात, काही रोखून धरतात. एक जण तर घड्याळ, अंगठी, पट्टा काढून झाल्यावर शेवटी खिशातलं बसचं तिकीटही काढून ठेवायचा. चाळीस वर्षं मी हे बघत आलोय आणि कुणालाही काही बोललेलो नाही. आज बोलतो. मी वजनकाटा आहे.

हल्लीचा काचेचा, पायाखाली लाल आकडे चमकवणारा नव्हे. मी उभा, लोखंडी, माणसाच्या छातीइतका उंच. खाली पाय ठेवायला खरबरीत पाटा, मध्ये खांब, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारे दोन ठोकळे. थोरला ठोकळा दहा-दहा किलोंच्या खाचांत बसतो, धाकटा शंभर-शंभर ग्रॅमनी पुढे सरकतो. दोघे बरोबर जागी आले की दांडी हवेत तरंगते, ना वर टेकते ना खाली. त्या वेळी मला इतकं छान वाटतं म्हणून सांगू.

मी एका कारखान्यात ओतलेल्या लोखंडातून झालो. रंगाऱ्याने मला हिरवा रंग दिला, जेवून आला आणि विसरून दुसऱ्यांदा दिला, म्हणून माझी कातडी जाड आहे. तपासणाऱ्याने पाट्यावर मापाची वजनं ठेवली, दांडीकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "हा खरं बोलतो." त्या शेऱ्यावर मी आजवर जगलोय.

मला एका बॉक्सिंग क्लबात पाठवलं आणि तिथे मास्तर भेटले.

मास्तर बुटके, रुंद, नाक दोनदा मोडून मऊ झालेलं. आवाज असा की खोलीतल्या टांगलेल्या पोत्यांनाही घाम फुटावा. खेळाडूला खालच्या वजनगटात बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वजनाच्या आधी दोन दिवस पाणी बंद. प्लॅस्टिकचा कोट घालून बंद खोलीत दोरीच्या उड्या. तरी शे-दोनशे ग्रॅम उरले तर कोपऱ्यात डबा ठेवलेला, त्यात थुंकत बसायचं. "वजन म्हणजे काय? पाणी," मास्तर म्हणायचे. "पाणी म्हणजे काय? नळ. नळ बंद करायचा, विषय संपला."

त्यांच्या हाताखाली चिमणी नावाची मुलगी होती. चिमणी हे टोपणनाव, खरं नाव मी कधी ऐकलं नाही. एका मोठ्या स्पर्धेच्या दिवशी तिचं वजन चारशे ग्रॅमनी जास्त भरलं. मास्तरांनी कात्री घेऊन तिची वेणी कापली. वेणी नव्वद ग्रॅम निघाली. उरलेलं तिने डब्यात थुंकून भागवलं. तिचं वजन बरोबर काट्यावर आलं, माझी दांडी तरंगली आणि मास्तरांनी मला थोपटलं. संध्याकाळी ती दुसऱ्या फेरीत हरली. क्लबात परत आली तेव्हा तिने कुणालाच दोष दिला नाही. स्वतःलाच दिला.

पुढे क्लबात लाल आकड्यांचा काटा आला. त्याच महिन्यात मास्तर निवृत्त झाले आणि लोकांनी निरोपाची भेट म्हणून त्यांना मलाच देऊन टाकलं. चौघांनी मला जिन्यावरून वर चढवलं. दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या.

"अहो, लोक निवृत्तीला घड्याळ आणतात."

"घड्याळ काय, सगळ्यांकडे असतं."

त्यांना मी काकू म्हणतो, कारण चिमणी त्यांना काकू म्हणते. काकू एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. अजूनही फोन उचलला की त्यांच्या तोंडून असा काही गोड आणि पोलादी आवाज निघतो, की पलीकडचा माणूस मुकाट्याने लाइनवर थांबतो. त्यांनी मला गच्चीसारख्या मोठ्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभं केलं, पाट्यावर फुलझाडाची कुंडी ठेवली आणि दांडीवर ओले टॉवेल टाकले. चार वर्षं मी ती कुंडी तोलली. सकाळी सात किलो दोनशे, पाणी घातल्यावर सात नऊशे. नोकरी आरामाची होती, पण मन लागत नव्हतं.

मग एके दिवशी काकूंनी टॉवेल काढले, कुंडी उचलून बाजूला ठेवली आणि मला पुसलं.

झालं होतं असं. मास्तरांच्या लिव्हरमध्ये गाठ सापडली होती. ऑपरेशन करून गाठीसकट लिव्हरचा एक तुकडा काढला. गाठ पूर्ण निघाली, ही आनंदाची बातमी. पण उरलेलं लिव्हर जुन्या आजाराने आधीच निबर झालेलं होतं. त्यातून रक्ताला सरळ वाट मिळेना आणि पाणी पोटात झिरपायला लागलं. बरगडीखाली लावलेली नळी दोन आठवडे वाहत राहिली. शेवटी ती काढून, भोक शिवून त्यांना घरी पाठवलं. जुनी माणसं ज्याला जलोदर म्हणत, तेच हे.

डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते काकूंनी वहीच्या पहिल्या पानावर उतरवलं आणि ती वही दोऱ्याने माझ्या खांबाला बांधली, म्हणून मला पाठ आहे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत वजन. टेपने बेंबीवरून पोटाचा घेर. मीठ अगदी नावाला. लघवीची गोळी सकाळी एक. दुखलं-खुपलं तर मनाने वेदनाशामक घ्यायचं नाही. थोडं-थोडं पण पुन्हा-पुन्हा खायचं, झोपण्याआधीसुद्धा. ताप आला, पोट दुखलं, बोलण्यात गोंधळ झाला तर लगेच निघून यायचं. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: वजन उतरायला हवं, पण दिवसाला अर्धाच किलो.

मास्तरांनी यातलं एकच वाक्य ऐकलं. वजन उतरायला हवं.

त्यांचा चेहरा असा उजळला की बस. महिनाभर त्यांना कुणी कुठे झोपायचं, कधी उठायचं, कोणत्या कुशीवर वळायचं ते सांगत होतं. आता पहिल्यांदाच त्यांच्या धंद्यातलं काम समोर आलं होतं.

सकाळचं वजन म्हणजे घरात सोहळाच झाला. चिमणी आता चाळिशीची, शहर बसची चालक. डेपो शेजारच्याच रस्त्याला, त्यामुळे कामावर जाण्याआधी ती सात वाजता हजर. काकू टेप घेऊन. मास्तर चट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात दारातून यायचे आणि स्वतःची घोषणा स्वतःच करायचे. "निळ्या कोपऱ्यात, वय पासष्ट, उंची विचारू नका." चिमणी ठोकळा सरकवायची. काकू आकडा वहीत टिपायच्या आणि ऑपरेटरच्या आवाजात परत वाचून दाखवायच्या. "सात, शून्य, दशांश, सहा. बरोबर?"

पण आकडा वर चालला होता. सत्तर सहाशे. बहात्तर. त्र्याहत्तर नऊशे. तिसऱ्या आठवड्यात पंचाहत्तर पाचशे, घेर बेचाळीस इंच. हातपाय वाळत चालले होते आणि पोट मात्र पुढे. मास्तरांना दोन घासांत भरल्यासारखं व्हायचं, आडवं झालं की धाप लागायची. वाकून बुटाची नाडी बांधता येईना. काकू खाली बसून ती बांधायच्या आणि मास्तर वरून सूचना द्यायचे.

"नववा महिना असताना माझी आई असंच करायची म्हणे," काकू म्हणाल्या.

"मग मुलगा झाला की मुलगी?"

"मी झाले."

"बरं झालं. नाहीतर नाडी कोणी बांधली असती?"

दोघं हसली आणि हसताना मास्तरांना धाप लागली. मग दोघं घाईघाईने गप्प झाली.

हॉस्पिटलात सुईने पाच लिटर पाणी काढलं आणि त्याच्या बदल्यात शिरेतून प्रथिनाच्या बाटल्या चढवल्या. पाण्याचा नमुना तपासला, त्यात जंतू नव्हते. दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्यावर अक्षरशः उडी मारून चढले. सत्तर चारशे. चिमणीने तोंडाने घंटा वाजवली. काकूंनी टेपच्या फितीचा हार करून मास्तरांच्या गळ्यात घातला. मला वाटलं, संपलं हे प्रकरण.

डॉक्टरबाईंनी मात्र सांगून ठेवलं होतं, "परत भरेल. घाबरू नका आणि घाईही करू नका. हे महिन्यांचं काम आहे."

आठवड्यात भरलं. एकाहत्तर आठशे.

त्या सकाळी मास्तर वहीकडे बराच वेळ बघत राहिले. चिमणी गेली, काकू आत गेल्या. मग त्यांनी माझ्या खांबावर हात ठेवला. "काय मित्रा," ते हळूच म्हणाले, "आपण दोघांनी एवढ्यांचं वजन उतरवलं. माझंच नाही उतरणार?"

खरं सांगतो, मी हुरळून गेलो. चार वर्षं कुंडी तोललेल्याला कुणी मित्रा म्हटलं की काय होणार?

दुपारी काकू बाजारात गेल्या की मास्तर कपाटातून जुना प्लॅस्टिकचा कोट काढायचे. उड्या मारता येत नव्हत्या, म्हणून जागच्या जागी पाय आपटत चालायचे. पाण्याचा ग्लास ओठाला लावायचे आणि भरलेला कुंडीत ओतायचे. सकाळच्या एका गोळीच्या दोन झाल्या. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी सकाळ कधी होते याची वाट बघत होतो.

सत्तर सहाशे. एकोणसत्तर पाचशे.

घरात नुसता आनंदीआनंद. काकूंनी वहीत आकड्याभोवती फुलं काढली. चिमणीने मास्तरांना उचलायचा प्रयत्न केला आणि काकूंनी तिला ओरडून खाली ठेवायला लावलं. एकदाच काकू म्हणाल्या, "पण अर्धा किलो म्हणाल्या होत्या ना हो त्या?"

"ते साध्या माणसांसाठी," मास्तर म्हणाले. "मी खेळाडू आहे."

आणि घेर? टेप रोज जवळजवळ तेच दाखवत होती. पोट होतं तिथेच होतं. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. माझ्याकडे एवढा देखणा आकडा असताना टेपचं कोण ऐकतो?

चौथ्या सकाळी चिमणीची लवकरची पाळी होती, ती आली नव्हती. मास्तर माझ्यावर चढले आणि त्यांनी सलाम ठोकला. अडुसष्ट शंभर. मग कुंडीकडे वळून म्हणाले, "कोपर वर. किती वेळा सांगायचं, कोपर वर."

काकू खळखळून हसल्या. मास्तरांच्या थट्टेची त्यांना सवय होती. आम्हा सगळ्यांनाच होती.

मास्तरांनी काकूंकडे बघितलं, फार अदबीने. "बाई, जरा एक फोन लावून देता का? घरी लावा. बायको वाट बघत असेल."

काकूंचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला आवाज गेला.

"नंबर काय?" त्यांनी ऑपरेटरच्या आवाजात विचारलं.

मास्तर विचार करत राहिले. हात पुढे धरलेले होते आणि पंजे पंखासारखे थरथरत होते. नंबर काही आठवेना.

"लाइनवर थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी मास्तरांना माझ्यावरून उतरवून खुर्चीत बसवलं, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. आधी रुग्णवाहिका, मग वॉर्ड, मग चिमणी. तिन्ही फोनवर आवाज जराही हलला नाही. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना पेन धरता येईना. त्या सकाळचा आकडा वहीत नाही. तो फक्त मला माहीत आहे.

नंतरचे नऊ दिवस माझ्यावर कुणी उभं राहिलं नाही.

तिथे काय झालं ते मला नंतर कळलं, कारण चिमणीने ते माझ्याच पाट्यावर बसून शेजारणीला सांगितलं. शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी कोट, पाणी, गोळ्या सगळं कबूल केलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटातलं पाणी रक्तात परत ओढून घ्यायला शरीराला वेळ लागतो, दिवसाला फार तर अर्धा किलो. त्याहून जास्त काढलं तर ते पोटातलं नसतंच, रक्तातलं असतं. "तुम्ही टाकी तशीच ठेवलीत आणि नळ कोरडे केलेत," त्या म्हणाल्या. मूत्रपिंडं सुकली होती, रक्तातले क्षार ढासळले होते, त्यात डोकं भरकटलं. अजून दोन दिवस उशीर झाला असता तर परत आणता आलं नसतं, असंही त्या म्हणाल्या. पण हे वाक्य चिमणीने शेजारणीला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडलं.

मला लाज वाटली. मी खरं बोलतो, हा माझा तोरा होता. मी खरंच बोललो होतो, अडुसष्ट शंभर म्हणजे अडुसष्ट शंभर. पण ते कशाचं वजन, पाण्याचं की रक्ताचं की मांसाचं, हे मला कधीच कळत नव्हतं आणि कळत नाही हेही मी विसरलो होतो.

मास्तर घरी आले. चेहरा बारीक झाला होता, आवाजही. दुसऱ्या सकाळी वजनाला चिमणी एकटीच त्यांच्यासोबत व्हरांड्यात होती. तिने प्लॅस्टिकचा कोट कपाटातून शोधून आणला होता आणि तो तिच्या मांडीवर होता.

"मास्तर, त्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत मला समोर तीन बायका दिसत होत्या," ती म्हणाली. "तिघी मिळून मला मारत होत्या."

मास्तरांनी तिच्या मांडीवरच्या कोटाकडे बघितलं.

"वजन झाल्यावर मी दोन बाटल्या पाणी प्यायले होते. ते पोटातच डुचमळत राहिलं. पायांत गेलंच नाही."

"सांगितलं नाहीस कधी."

"तुम्ही म्हणाला होतात, वजन बसलं म्हणजे निम्मी लढत जिंकलो. मला वाटलं, उरलेली निम्मी मीच हरले."

रस्त्यावरून एक बस गेली. चिमणीने सवयीने घड्याळ बघितलं.

"चूक माझी होती," मास्तर म्हणाले. "तुझ्या वेळी. तुझ्या आधीच्यांच्या वेळी पण."

"मला माफी नकोय. गोळी एकच घ्या, एवढंच."

"दोन्ही घे. माफी पण, गोळीचा शब्द पण."

"वेणीचं काय?"

मास्तरांनी मान खाली घातली. "वेणी चांगली होती," ते म्हणाले.

चिमणीला हसू फुटलं, मग ते आवरेना. हसता हसता तिने डोळे त्याच प्लॅस्टिकच्या कोटाला पुसले आणि प्लॅस्टिक काही टिपून घेईना म्हणून आणखी हसली. तेवढ्यात काकू टेप घेऊन आल्या आणि दोघांना बघून विचारू लागल्या की काय झालं. दोघांपैकी एकालाही सांगता येईना.

त्यानंतर सुरू झालं खरं काम. आणि ते इतकं मजेदार असेल असं आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं.

पहिलं बिनमिठाचं उकडलेलं अंडं मास्तरांनी तोंडात घातलं, बराच वेळ चघळलं आणि विचारलं, "हे अंडं आहे की अंड्याची बातमी?" काकूंनी लिंबू पिळलं. मग मिरपूड. मग भाजलेला लसूण. मग सगळंच एकदम. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं की मीठ फक्त मिठाच्या बरणीत नसतं, ते ब्रेडमध्ये, बिस्किटांत, पाकिटातल्या सूपमध्ये, अगदी पाण्यात फसफसणाऱ्या पित्ताच्या पुडीतही लपलेलं असतं. झालं, काकू भिंग घेऊन दुकानात जायला लागल्या. एका बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं भिंगातूनही दिसेनात, तेव्हा त्यांनी पुड्यावरच्या नंबरला फोन लावला. त्या बिचाऱ्या माणसाला त्यांनी वीस मिनिटं लाइनवर ठेवलं. शेवटी तो स्वतःच म्हणाला, "काकू, तुम्ही हे बिस्किट नका घेऊ."

चिमणी म्हणाली, मी पण मीठ सोडते. तीन दिवस तिने सोडलं. चौथ्या दिवशी डेपोच्या उपाहारगृहात लपून खाताना तिला काकूंच्या ओळखीच्या वाहकाने बघितलं आणि ती बातमी ती घरी पोचायच्या आधी घरी पोचली.

मास्तरांना मात्र आता अर्ध्या किलोचं वेड लागलं होतं. तीनशे ग्रॅम उतरले की ते मूठ वर करायचे. चारशेला नाचायचे, म्हणजे खांदे हलवायचे. एकदा सहाशे उतरले तर लगेच म्हणाले, "वॉर्डला फोन लाव. जास्त झालं." वॉर्डातल्या नर्सने गोळी एक दिवस थांबवायला सांगितली आणि मास्तरांनी ती चक्क थांबवली. काकू त्यांच्याकडे अशा बघत होत्या की जणू कुणी परका माणूस घरात शिरलाय आणि तो फार गुणी आहे.

पाणी काही लगेच हटलं नाही. महिन्याने परत सुईने काढावं लागलं, तीन लिटर. जाताना मास्तर धसका घेऊन गेले आणि येताना गाणी म्हणत आले. मग सात आठवड्यांनी आणखी एकदा, दीड लिटरच. त्यानंतर गरज पडली नाही. पाचव्या महिन्यात आकडा सहासष्टवर स्थिरावला, घेर पस्तीस इंचांवर. रोज तेच. काकू वहीत "कालच्यासारखं" असं लिहायच्या आणि त्या शब्दाचा त्यांना कधी कंटाळा आला नाही.

आणि मग गेल्या महिन्यातला तो सोमवार. धाकटा ठोकळा सरकवला, दांडी वर टेकली. आणखी सरकवला, तरी वरच. सहासष्ट चारशे.

काकूंनी आकडा टिपला, पण परत वाचून दाखवला नाही. मंगळवारी सहासष्ट सहाशे. बुधवारी सहासष्ट नऊशे.

मास्तर माझ्यावरच उभे राहिले. उतरायला तयार होईनात, जणू खाली पाय ठेवला की तो आकडा पक्का होईल. "परत भरायला लागलं," ते म्हणाले. काकूंच्या हातात टेप होती, पण ती लावायचा धीर त्यांना होईना. शेवटी चिमणीने टेप घेतली आणि बेंबीवरून फिरवली.

"चौतीस आणि अर्धा."

"नीट बघ."

तिने परत मोजलं. "चौतीस आणि अर्धा. कमीच झालंय."

मग मला काही कळायच्या आत तिने मास्तरांचा दंड पकडला, जसा ते पूर्वी तिचा पकडायचे. दाबला. दुसरा दाबला. मग मांडी.

"मास्तर, हे काय आहे?"

"काय आहे?"

"हे तुम्ही आहात," ती म्हणाली. "हे मांस आहे. अंडी लागलीयत अंगाला."

काकूंनी वॉर्डला फोन लावला. आकडे, घेर, पायावर सूज नाही, धाप नाही, सगळं एका दमात सांगितलं. तुमच्या बोलण्यात गडबड होतेय का, असं डॉक्टरबाईंनी मास्तरांनाच विचारलं. मास्तरांनी काकूंचा फोन नंबर उलटा म्हणून दाखवला. डॉक्टरबाईंनी गुरुवारी तपासायला बोलावलं. सोनोग्राफीने पोटाचा फोटो काढला, रक्त बघितलं, आणि पाण्याची पोटात फक्त एक पातळ रेघ आहे, असं सांगितलं. वाढलेलं वजन मास्तरांचं स्वतःचं होतं. "हे ठेवा तुमच्याकडे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हवं तर आणखी वाढवा."

चाळीस वर्षांत माझ्यावर वजन वाढलं म्हणून कुणी आनंदाने ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी हॉस्पिटलातून आल्या आल्या मास्तर माझ्यावर चढले. सदुसष्ट. चिमणी म्हणाली, मलाही बघू, आणि ते असतानाच चढली. काकू म्हणाल्या, अहो उतरा, तुटेल, आणि चपला काढून त्याही चढल्या. माझी धाव दीडशे किलोंपर्यंत. थोरला ठोकळा टोकाला, धाकटा टोकाला, दांडी वरच्या कडीला खणकन आपटली आणि तिथेच अडकली. तिघं एकमेकांना धरून उभी होती, छताकडे बघत, आणि हसता हसता अशी हलत होती की मला कळेना मी वजन करतोय की नाचतोय.

परिणाम असा की माझी दांडी किंचित वाकली. दुरुस्तीवाला आला, त्याने ती ठोकून सरळ केली आणि म्हणाला, "याचं वय झालं. आता नवीन घ्या." काकूंनी त्याला चहा दिला आणि जिन्यापर्यंत सोडून आल्या. दारही जरा जोरातच लावलं.

सध्या माझी तब्येत ठीक आहे. थंडीत थोडा करकरतो. मास्तरांचं वजन आता रोज नसतं, आठवड्यातून तीनदा. गोळी चालू आहे, मीठ बंद आहे, दर तीन महिन्यांनी फोटो असतो. पुढे काय होईल ते डॉक्टरबाईही सांगत नाहीत. लिव्हर जेवढं आहे तेवढं आहे. परवा चिमणी म्हणाली की क्लबात पोरांना शिकवायला मास्तरांना परत बोलावलंय, आठवड्यातून एक दिवस. मास्तरांनी होकार दिला, पण अट घातली: डबा आणि प्लॅस्टिकचे कोट आधी बाहेर काढा, मग मी आत येतो.

तुमच्या घरी कुणाचं असं पोट भरत असेल, आणि माझ्यासारखा एखादा काटा कोपऱ्यात उभा असेल, तर एवढंच करा. माझं ऐका, पण माझं एकट्याचं ऐकू नका. टेपलाही विचारा. दंड दाबून बघा. त्या माणसाशी दोन शब्द बोला, तो तुम्हाला ओळखतोय ना ते बघा. आणि आकडा फार भराभर उतरला तर टाळ्या वाजवायच्या आधी फोन उचला.

बरं, मी आता थांबतो. आज बुधवार, आमचा दिवस आहे. आत पायजम्याची नाडी सापडत नाहीये म्हणून आरडाओरडा चाललाय, चिमणीची पावलं जिन्यावर वाजतायत, आणि काकूंनी पेनला टोपण लावून ठेवलं नव्हतं म्हणून शाई सुकलीय. तिघंही एकाच वेळी दारातून बाहेर यायला बघतायत. मला जरा ताठ उभं राहू द्या.